धनुष्याने एल्कची पहिली शिकार: आखणी मांसाच्या ओझ्यापासून सुरू करा

पहिल्या वर्षी मी आखणी सगळे करतात तशीच केली. धनुष्य कोणतं, बूट कोणते, कोणत्या खोऱ्यात नर जास्त ओरडतात, याचा महिनोन्महिने अभ्यास केला. जनावर पडल्यावर पुढे काय, हा प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर होता. सहाव्या दिवशी संध्याकाळी, गाडीपासून नऊ किलोमीटर आत, एका खोल घळीच्या तळाशी एल्कची, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाची, मादी तीस मीटरवर येऊन उभी राहिली आणि मी ताणलेली दोरी हळूच सोडून धनुष्य खाली घेतलं. मी एकटा होतो. एवढं मांस तिथून बाहेर काढायला मला तीन दिवस लागले असते, आणि त्या दिवसांत दुपारचं ऊन अजून चांगलंच तापत होतं. त्या रात्री तंबूत बसून वही उलटी केली. तेव्हापासून माझी आखणी मांस बर्फाच्या पेटीत पोचण्यापासून सुरू होते आणि तिथून मागे मागे येते.

उदाहरणासाठी कोलोरॅडो घेतो. अमेरिकेतले सर्वात जास्त एल्क याच राज्यात आहेत, अडीच लाखांहून अधिक. डेन्व्हर-बोल्डर परिसरात आपली मराठी मंडळीही बरीच आहेत.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण घरच्यांना फोनवर मलाही ती सांगावी लागली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हटलं की गुन्हाच डोळ्यांपुढे येतो, आणि तिथल्या परिस्थितीत ते योग्य आहे. इथे एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी बेसुमार शिकार झाली आणि एल्क जवळजवळ संपले. कोलोरॅडोत १९१० च्या दशकात वायोमिंगमधून जनावरं आणून सोडावी लागली. पुढे परवान्यांचे पैसे आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली शस्त्रांवर बसवलेला कर, ज्यात १९७० च्या दशकात धनुष्यबाणही आले, हे वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवले गेले. किती परवाने द्यायचे ते कळपांच्या मोजणीवरून राज्याचं खातं ठरवतं. जमीन सरकारी, म्हणजे सगळ्यांची. राष्ट्रीय वनं आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची रानं मिळून पश्चिमेत कोट्यवधी एकर जागा आहे आणि तिथे पायी शिरायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. राष्ट्रीय उद्यानं मात्र वेगळी. रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये रस्त्याकडेला चरणारे एल्क फक्त बघायचे.

ओझ्याचं गणित

पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या आसपास भरतो, मादी सव्वादोनशेच्या. आपल्या सांबराच्या थोरल्या भावासारखं जनावर. नराचं हाडं काढलेलं मांस साधारण ८० ते १०० किलो निघतं, मादीचं ५५ ते ७० किलो. एका माणसाने डोंगरात सुरक्षितपणे वाहायचं ओझं २५ ते ३० किलो, तेही पाठपिशवीला चांगली चौकट असेल तर. म्हणजे नराच्या मांसाच्या तीन-चार खेपा, डोकं आणि सामान धरून चार ते पाच.

आता अंतर धरा. गाडी ५ किलोमीटरवर आहे आणि तुम्ही एकटे आहात. पाच वेळा ओझं घेऊन बाहेर, चार वेळा रिकामं आत, एकूण ४५ किलोमीटर. त्यातले २५ पाठीवर वजन घेऊन, पडलेल्या झाडांवरून आणि दगडांतून. सोबत एक मित्र असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन खेपा, २५ किलोमीटर. म्हणून पहिल्या मोसमासाठी माझा नियम असा: एकट्याने गाडीपासून तीन किलोमीटरपलीकडे बाण सोडायचा नाही, दोघांनी पाचपलीकडे नाही. घळीत खाली उतरून शिकार केली तर हे अंतर निम्मं करा, कारण परतीची प्रत्येक खेप चढाची आहे.

हातगाडीचा विचार मनात येईल. १९६४ च्या विल्डरनेस कायद्याखाली राखलेल्या भागात सायकल चालत नाही, तशी चाकाची हातगाडीही चालत नाही. वायव्य कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्ससारख्या राखीव भागात जायचं ठरवलं असेल तर घोडे हा मुख्य उपाय. परवानाधारक घोडेवाले पैसे घेऊन मांस बाहेर काढून देतात, पण सप्टेंबरच्या मध्यात फोन करून ते मिळतील या भरवशावर राहू नका. जुलैतच बोलून घ्या, कोणत्या वाटेपर्यंत येणार आणि किती घेणार ते विचारा, नंबर वहीत लिहून ठेवा.

परवाना: जानेवारी ते जून

सर्वात आधी हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत ते लागतं. वर्ग थंडीतच करून टाका, मार्चमध्ये गर्दी होते.

पुढचा प्रश्न रहिवासी असण्याचा. राज्यात सलग सहा महिने वास्तव्य आणि बाकीच्या अटी पुऱ्या असतील तर रहिवाशाचा परवाना मिळतो. फरक मोठा आहे: रहिवाशाला सत्तर डॉलरच्या आतबाहेर, बाहेरच्याला आठशेच्या वर. २०२५ पासून आणखी एक बदल झाला. आंतरराज्य महामार्ग २५ च्या पश्चिमेला जे धनुष्याचे एल्क परवाने पूर्वी कुणीही दुकानातून विकत घेऊ शकत होतं, ते बाहेरच्या राज्यातल्यांना आता सोडतीतूनच मिळतात. न्यू जर्सीहून किंवा टेक्ससहून येणार असाल तर सोडतीच्या अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते, ती तारीख आजच लिहून ठेवा. अर्जासाठी त्या वर्षीचा एखादा पात्रता परवाना आधी घ्यावा लागतो, उदाहरणार्थ छोट्या जनावरांच्या शिकारीचा वार्षिक परवाना, आणि अनेकांचा अर्ज इथेच अडतो. रहिवाशांना बऱ्याच युनिटांचा (शिकारीसाठी आखलेल्या विभागांचा) परवाना अजूनही सोडतीशिवाय मिळतो. नियम दर वर्षी हलतात, म्हणून कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या खात्याची त्याच वर्षीची पुस्तिका वाचा. मित्राने सांगितलेलं गेल्या वर्षीचं असतं.

एच-१बी वर असलेले हमखास विचारतात म्हणून लिहितो. केंद्रीय कायद्यात धनुष्य हे अग्निशस्त्र धरलं जात नाही. बंदुकीच्या मालकीबाबत व्हिसाधारकांवर जी बंधनं आहेत ती धनुष्याला लागू होत नाहीत. परवाना मात्र सगळ्यांना लागतो.

वायोमिंगचा विचार करणाऱ्यांसाठी एक सूचना: तिथल्या केंद्रीय विल्डरनेस भागात मोठ्या जनावराची शिकार करायची असेल तर बाहेरच्या राज्यातल्या माणसाला गाइड बंधनकारक आहे. शिवाय तिथल्या वायव्य डोंगरांत ग्रिझली अस्वल आहे. कोलोरॅडोत काळं अस्वल आहे, ग्रिझली नाही. शेवटचा ज्ञात ग्रिझली १९७९ मध्ये सान हुआन डोंगरात मारला गेला, तोही एका एल्क-शिकारीच्या वेळी, जेव्हा सगळ्यांनी तो केव्हाच संपला असं धरलं होतं.

जागा निवडणं

राज्य गेम मॅनेजमेंट युनिटांत वाटलेलं आहे. प्रत्येक युनिटचे शिकारीचे आणि सोडतीचे आकडे खात्याच्या संकेतस्थळावर मिळतात. नवीन माणूस यशाची टक्केवारी बघतो. मी बघतो ते असं: युनिटात सरकारी जमीन किती आणि ती सलग आहे का, गाडीने पोचायला किती तास, आणि पुढची तीन वर्षं मी इथेच येऊ शकेन का. धनुष्याने एल्क मिळणाऱ्यांचं प्रमाण ढोबळमानाने दहात एखाद-दुसरा एवढंच आहे. एका डोंगराची ओळख व्हायला दोन मोसम जातात, दर वर्षी जागा बदलणारा दर वर्षी पहिल्या दिवसावरच असतो.

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला नकाशा वाचणं शिकवावं लागत नाही. धार, सोंड, खिंड, घळ, पठार हे सगळं इथेही आहे, फक्त उंची वेगळी. कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांवर, आणि डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर. सप्टेंबरमधले एल्क ९,००० ते ११,५०० फुटांत असतात. ऑनएक्ससारख्या अ‍ॅपमध्ये सरकारी-खासगी हद्दी रंगांनी दिसतात. आधी हद्दी बघा, मग नकाशा डाउनलोड करा, कारण रानात नेटवर्क नसतं.

नकाशावर मी आधी उत्तरेकडे तोंड केलेले उतार शोधतो. तिथे ऊन कमी, स्प्रूस आणि फर या सूचिपर्णी झाडांचं गर्द रान, एल्क दिवसा तिथे बसतात. त्या उतारावर मध्येच एखादी सपाट पायरी असेल तर तिच्यावर खूण करा. जवळपास झरा किंवा ओल, जिथे माजावर आलेले नर चिखलात लोळतात. वर किंवा खाली कुरण, जिथे ते संध्याकाळी चरायला उतरतात. बसायची जागा, पाणी आणि चरायची जागा एक-दीड किलोमीटरच्या आत असेल आणि त्यांना जोडणारी खिंड असेल, तर ती जागा जुलैमध्ये पायांनी बघून यायची. अशा पाच जागा हाताशी ठेवा. पहिल्या दोन ठिकाणी दुसऱ्यांच्या गाड्या उभ्या असतात.

एल्क माणसांपासून दूर जातात, पण दूर म्हणजे नेहमी खोल आत असं नाही. रस्त्यापासून दीड किलोमीटरवर, पण मध्ये चारशे फुटांची वैतागवाणी घसरण आणि पडलेल्या झाडांचा ढीग असेल, तर तिथे कुणी जात नाही. ओझ्याच्या गणितात बसणाऱ्या अशाच जागा शोधत राहा.

धनुष्य आणि सराव

२०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड धनुर्विद्येचं जगज्जेतेपद अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी पटकावलं, तेव्हापासून आपल्याकडे कंपाउंड धनुष्य म्हणजे काय हे घरोघरी माहीत आहे. कप्पीसारख्या चाकांमुळे पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार एकदम कमी होतो आणि नेम धरून थांबता येतं. शिकारीचं धनुष्यही त्याच जातीचं. स्पर्धेत लक्ष्य ५० मीटरवर असतं म्हणून रानात ५० मीटरवर बाण सोडायचा, असं मात्र अजिबात समजू नका. लक्ष्य हलत नाही. एल्क बाण वाटेत असताना एक पाऊल टाकतो, आणि फुप्फुसाऐवजी पोटात बाण बसतो.

कोलोरॅडोत किमान ३५ पौंडांचं (दोरी ओढायला लागणारं बळ) धनुष्य चालतं, पण एल्कसाठी ५५ ते ७० पौंड बरं. झेपेल तेवढंच घ्या. बसून, पाय जमिनीवरून उचलून, दोरी सरळ मागे ओढता येत नसेल तर वजन जास्त आहे. बाण जड हवा, साधारण ४५० ग्रेन (म्हणजे २९ ग्रॅम) किंवा वर, आणि टोकाला न उघडणारं, दाढी होईल इतकं धारदार पातं. ताणाची लांबी, म्हणजे दोरी तुम्ही किती मागे ओढता ते, दुकानातच मोजून घ्या. ऑनलाइन मागवलेलं धनुष्य पहिल्याच महिन्यात दुकानात न्यावं लागलं, हा माझा अनुभव.

मार्च ते मे मुद्रा पक्की करा. जूनपासून सरावाचं स्वरूप बदला: गुडघ्यावर बसून, पाठपिशवी घालून, उतारावरून, धापा टाकत. ऑगस्टमध्ये खरी पाती लावून सोडा, कारण ती सरावाच्या टोकांपेक्षा वेगळी उडतात. आणि रोज सकाळी, अंग गरम नसताना, एकच बाण. तो एक बाण कुठे लागला तेच त्या दिवशीचं खरं अंतर. महिनाभर दहापैकी नऊ वेळा ताटलीएवढ्या वर्तुळात ज्या अंतरावर बसला, ती तुमची मर्यादा. माझी पहिल्या मोसमात ३० मीटर होती.

चढ-उताराचं एक गणित आहे. बाण खाली येतो तो आडव्या अंतराच्या हिशेबाने. ३० अंशांच्या उतारावर ४० मीटरवरचं जनावर असेल तर ३५ मीटरचा नेम धरावा लागतो. कोन मोजणारा अंतरमापक घ्या, पैसे वाचवायचेच तर कपड्यांवर वाचवा.

शरीराचंही तेच. आठवड्यातून दोनदा २० किलो पाठीवर घेऊन चढ. समुद्रसपाटीच्या गावाहून येणार असाल तर मोसमाआधी दोन-तीन दिवस उंचीवर राहा. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली तर थांबू नका, खाली उतरा.

सप्टेंबर: वारा

धनुष्याचा मोसम साधारण २ ते ३० सप्टेंबर. नर महिन्याच्या मध्यापासून जोरात ओरडतात. त्यांची ती लांब, चढत जाणारी शीळ पहाटे पहिल्यांदा ऐकाल तेव्हा हातापायांवर काटा येईल.

सगळी धडपड शेवटी वाऱ्यावर येते. एल्क दिसण्यावर शंका घेतो, आवाजावर थबकतो, वासाला मात्र दुसरी संधी देत नाही. डोंगरात वाऱ्याचं वेळापत्रक असतं. रात्री आणि पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते. ऊन चढलं की हवा तापून वर चढू लागते. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. म्हणून पहाटे जनावरांच्या खालून वर चढायचं, आणि ऊन स्थिरावल्यावर वरून किंवा आडवं जायचं. साडेनऊ ते अकराच्या दरम्यान वारा ठरलेला नसतो, चारही दिशांनी फिरतो. त्या वेळी मी बसण्याच्या जागेपासून लांब सरकतो आणि खातो. सोबत दशम्या, शेंगदाण्याचे लाडू आणि सातूचं पीठ असतं. सातूला चूल लागत नाही. बारीक पावडरची बाटली खिशात ठेवा आणि दर पाच मिनिटांनी फुंकर मारून बघा.

आवाज काढणं नव्या माणसाला फार भुरळ घालतं. मादीचा मऊ "म्याव"सारखा आवाज शिका, तो चूक झाला तरी फारसं बिघडत नाही. नराची शीळ सारखी वाजवली की जवळचा नर माद्या घेऊन पलीकडच्या धारेवर जातो. दोघे असाल तर आवाज काढणारा नेमबाजाच्या ४० ते ६० मीटर मागे बसवा, म्हणजे नर त्याला शोधत नेमबाजापुढून जाईल.

दुपारच्या विजा गंभीरपणे घ्या. उघड्या धारेवर ढग जमताना दिसले की उतरायचं. सप्टेंबरमध्ये बर्फही पडतं. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने घेतलं तरी चालेल, पण हवंच.

बाण आणि त्यानंतर

परवान्यावर काय लिहिलं आहे ते आधी पाठ करा. बऱ्याच युनिटांत नराच्या एका शिंगाला चार फाटे, किंवा कपाळाजवळचा फाटा पाच इंच, अशी अट असते. आणि समोर एल्कच आहे ना, ते बघा. इथे मूस हे हरणांच्या कुळातलं आणखी मोठं जनावरही आहे, आणि चुकून मूस मारल्याच्या घटना घडतात.

जनावर पूर्ण आडवं किंवा थोडं तुमच्यापासून तिरकं असतानाच बाण सोडा. पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोरून छातीवर नेम धरणारे अनुभवी लोक आहेत. पहिल्या मोसमात तो विषय नकोच.

बाण लागल्यावर धावू नका. जनावर शेवटचं कुठे दिसलं ते झाड लक्षात ठेवा, घड्याळ बघा, खाली बसा. मग बाण तपासा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबा. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत, चार ते सहा तास. हिरवट आणि घाण वास असेल तर पोट, आठ ते बारा तास, मग रात्र झाली तरी. घाईने मागे लागलं तर जखमी जनावर उठून दोन किलोमीटर जातं आणि रक्त थांबतं. सापडेपर्यंत शोधायचं, ही जबाबदारी परवान्याबरोबरच येते.

सापडल्यावर लगेच परवान्यासोबतच्या टॅगवर सही आणि तारीख. पोट न फाडता चारी पाय, पाठीचे लांब पट्टे, आतले कोवळे तुकडे आणि मान सोडवण्याची पद्धत आहे. तिचे व्हिडिओ ऑगस्टमध्ये तीनदा बघा, मोसमात नाही. कातडं ताबडतोब काढा. मांस आतून तासन्‌तास गरम राहतं, आणि मांडीच्या हाडापाशी नासायला लागतं. जाळीदार कापडी पिशव्यांत घालून सावलीत, वाहत्या ओढ्याजवळच्या गार हवेत टांगा, पाण्यात बुडवू नका. लिंगाचा पुरावा एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो. खाण्याजोगं मांस रानात सोडून देणं हा गुन्हा आहे. ओझं वाहताना पिशवीवर नारिंगी कापड बांधा. महिन्याच्या मध्यात ठासणीच्या बंदुकांचा मोसमही चालू असतो.

गाडीत दोन मोठ्या पेट्या आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आधीपासून ठेवा. सुटा बर्फ वितळून मांस पाण्यात पडतं. डोकं तपासणीला द्या. हरणांच्या कुळातला क्रॉनिक वेस्टिंग हा रोग पहिल्यांदा १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सलाच लक्षात आला होता, आणि अहवालात रोग निघाला तर ते मांस खाऊ नये असा सल्ला आहे. निकाल येईपर्यंत पाकिटं वेगळी, नाव आणि तारीख घालून गोठवा. दुसऱ्या राज्यात नेणार असाल तर पाठीचा कणा आणि मेंदू नेण्यावर बंदी असते, तिथले नियम आधी बघा.

मांस चरबीविरहित असतं. पाठीचे पट्टे जाड लोखंडी तव्यावर तुपात दोन-दोन मिनिटं, आत लालसर असतानाच उतरवा, नाहीतर चामडं होतं. नळ्या आणि मान कुकरला. आमच्याकडे पहिल्या मादीच्या नळ्यांचा तांबडा रस्सा झाला तेव्हा पाच शिट्ट्यांनी काहीच झालं नव्हतं. पुढे मंद आचेवर चाळीस मिनिटं लागली.